ठासणीच्या बंदुकीचा मुखसंकोच : एक तांत्रिक-ऐतिहासिक विचार

१९६२ हे वर्ष ठाण्याच्या औद्योगिक इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. त्या वर्षी १ ऑगस्ट रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, आणि महामंडळाच्या आरंभीच्या क्षेत्रांपैकी एक म्हणून वागळे इस्टेटचे नाव रूढ झाले. येऊरच्या डोंगरांच्या पायथ्याकडील या भागात पुढील काळात लहानमोठे यांत्रिक कारखाने उभे राहिले. लेथ, मिलिंग आणि ग्राइंडिंगची यंत्रे चालविणारा कुशल कामगारवर्ग तेथे तयार झाला. महामंडळाच्या स्थापनेनंतर बरोबर दोन महिन्यांनी, १ ऑक्टोबर १९६२ रोजी, १९५९ चा शस्त्र अधिनियम देशभर अमलात आला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. तथापि तंत्रविद्येच्या इतिहासातील एका लहानशा प्रश्नाचा उलगडा करावयाचा तर त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. तो प्रश्न असा, की कोकणात व घाटमाथ्यावर शेतकऱ्याच्या घरी आजही जी ठासणीची बंदूक आढळते, तिच्या नळीला ‘चोक’ का नसतो?

या प्रश्नाचे एक तयार उत्तर दिले जाते. देशी लोहाराला ते ज्ञान नव्हते, त्याची हत्यारे ओबडधोबड होती, म्हणून त्याच्या हातून केवळ सरळ पोकळ नळी घडली, असे ते उत्तर. जुन्या शस्त्रांसंबंधीच्या लेखनात ही धारणा इतकी मुरलेली आहे की तिला पुरावा द्यावा असेही कोणास वाटत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते चुकीचे का, हे समजण्यासाठी प्रथम चोक म्हणजे काय हे नीट पाहिले पाहिजे.

छर्‍याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. बार उडाल्यावर शेकडो छर्रे एकत्र तोंडाबाहेर पडतात आणि पुढे जाताना विखुरतात. नळीच्या तोंडाशी आतील व्यास किंचित कमी केला, तर हा फैलाव आवळला जातो. या आकुंचनाला चोक म्हणतात. आपण त्याला मुखसंकोच म्हणू. त्याचे प्रमाण किती सूक्ष्म आहे हे ध्यानात घेण्यासारखे आहे. बारा बोअरच्या नळीचा, म्हणजे जिच्यात बसणाऱ्या बारा शिशाच्या गोळ्यांचे वजन एक पौंड भरते अशा नळीचा, व्यास ०.७२९ इंच, सुमारे साडेअठरा मिलिमीटर असतो. पूर्ण चोक म्हणजे त्यात चाळीस सहस्रांश इंच, जेमतेम एक मिलिमीटर, इतकी घट. अर्धा चोक वीस सहस्रांश, पाव चोक दहा. कारखान्यातील टर्नर ज्याला ‘थाउ’ म्हणतो ते हे माप होय. लिहिण्याच्या कागदाचे दहा ताव एकावर एक ठेवले तर पूर्ण चोकाएवढी जाडी भरते. आणि एवढ्याने फरक काय पडतो? चाळीस यार्डांवर तीस इंच व्यासाचे वर्तुळ आखून परीक्षा घेण्याची रूढ पद्धत आहे. सरळ नळीतून सुटलेल्या छर्‍यांपैकी शेकडा चाळीसच्या आसपास त्या वर्तुळात पडतात, पूर्ण चोकाच्या नळीतून सत्तरच्या आसपास. पाणपक्ष्याच्या शिकाऱ्याला हा फरक रिकाम्या हाताने परतणे आणि भरल्या झोळीने परतणे यांतील फरक होता.

आता कालक्रमाकडे वळू, कारण सगळा मुद्दा त्यातच आहे. तोंडाशी नळी आवळण्याची कल्पना तशी जुनी. माञ्ये द मारोल या फ्रेंच लेखकाच्या शिकारीवरील ग्रंथात, म्हणजे १७८८ मध्ये, तिचा उल्लेख येतो. परंतु ती व्यवहारात आली ती १८६६ ते १८७५ या दशकात. न्यूकॅसलच्या पेप या बंदूककाराने १८६६ मध्ये पेटंट घेतले. अमेरिकेत रोपर याने १८६८ मध्ये तोंडावर बसविण्याच्या सुट्या चोकाचे पेटंट मिळविले. बर्मिंगहॅमच्या ग्रीनरने १८७४ पासून आपल्या चोकच्या बंदुकांचा जोरदार पुरस्कार केला, आणि १८७५ मध्ये लंडनच्या ‘द फील्ड’ या पत्राने घेतलेल्या चाचण्यांत त्या सरळ नळीच्या बंदुकांना भारी ठरल्या. त्यानंतर वाद फारसा उरला नाही.

मग १७८८ ची कल्पना जवळजवळ ऐंशी वर्षे का पडून राहिली? युरोपातील कारागिरांना बोअर घासता येत नव्हता असे म्हणण्याची सोय येथे नाही. उत्तर बंदुकीच्या दुसऱ्या टोकाला आहे. लफोशे याची मागून भरण्याची बंदूक १८३० च्या दशकात निघाली, १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर इंग्लंडात तिचा प्रसार होऊ लागला, आणि मध्यभागी टोपी असलेले काडतूस १८६० च्या दशकात स्थिरावले. म्हणजे बंदूक मागून भरली जाऊ लागल्यावरच तिचे तोंड आवळले गेले. हा योगायोग नव्हे. ठासणीच्या बंदुकीत तोंड ही दोन कामे करते. बार त्यातूनच बाहेर पडतो आणि दारू, बोळा, छर्रे व पुन्हा बोळा हे सर्व त्यातूनच आत जाते. बाहेर जाणाऱ्याच्या सोयीसाठी तोंड अरुंद करावे तर आत येणाऱ्याची अडचण होते. दारूवर बसणारा बोळा किंवा पुठ्ठ्याची चकती नळीला घट्ट बसली पाहिजे, नाही तर वायू तिच्या कडेने निसटतो आणि छर्‍यांचा जोर जातो. नळीच्या मापाची चकती अरुंद तोंडातून गजाने ढकलावी तर तिच्या कडा चेपतात. तोंडाच्या मापाची घ्यावी तर ती आत सैल पडते. मागून भरण्याच्या बंदुकीने आत येण्याचा रस्ता वेगळा केला, तेव्हाच तोंड बंदूककाराच्या स्वाधीन झाले.

या नियमाला एक प्रसिद्ध अपवाद आहे, आणि तो बोलका आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात फ्रेड किंबल नावाचा बदकांचा धंदेवाईक शिकारी होता. १८६८ च्या सुमारास त्याने ठासणीच्याच नळीवर प्रयोग केले. त्याने स्वतः पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार पहिल्या प्रयत्नात तोंड फार अरुंद झाले आणि बंदूक वाईट मारू लागली. वैतागून तो ते पुन्हा मोठे करू लागला, तेव्हा पूर्ण सरळ होण्याआधीच्या एका टप्प्यावर तिचा मारा एकाएकी आश्चर्यकारक रीतीने एकवटला. ही हकीकत खरी मानावयास हरकत नाही. कारागिरीतील पुष्कळ शोध अशा अर्धवट पुसलेल्या चुकांतून लागलेले आहेत. परंतु किंबल कोण होता हे विसरून चालणार नाही. उंचावरून जाणाऱ्या बदकांवर नेम धरून पोट भरणारा, भरण्याचा त्रास सोसण्यास तयार असलेला आणि नळीत गोळी कधीच न घालणारा असा तो मनुष्य होता. आपल्याकडील शेतकऱ्याची गरज याच्या अगदी उलट होती.

ठासणीच्या नळीसाठी म्हणून जो खास उपाय निघाला त्याला जग चोक म्हणतात. मराठीत कुंभाकार चोक म्हणता येईल. यात तोंड अरुंद करीत नाहीत. तोंडाच्या थोडे मागे नळीचा आतला भाग काही इंच लांबीत हलकेच रुंद करतात, आणि शेवटचा सुमारे इंचभर भाग मूळ मापाचाच ठेवतात. छर्रे या पोकळीत क्षणभर पसरतात आणि पुढे मूळ मापात शिरताना पुन्हा आवळले जातात. चकती मात्र आत जाताना कोठेही स्वतःहून लहान भोकातून जात नाही. कल्पना सुंदर आहे. अमेरिकेत ठासणीच्या बंदुकीचा छंद बाळगणारे लोक आजही जुन्या नळ्यांत असा बदल करवून घेतात. त्यासाठी नळीची भिंत पुरेशी जाड असावी लागते, आणि काम लेथवर, पसरणाऱ्या रीमरने वा होनने, मापयंत्र हाती घेऊन करावे लागते. तोंडाशी पातळ होत गेलेल्या नळीत ही पोकळी कोरणे म्हणजे ती फाटण्यास निमंत्रण देणे होय.

येथवरच्या विवेचनावरून एक गोष्ट उघड होते. चोकचा अभाव हा ठासणीच्या बंदुकीचा स्वाभाविक गुण आहे. तो भारतीय कारागिराचा दोष नव्हे. १८६० पूर्वीच्या इंग्रजी ठासणीच्या बंदुकाही बहुतांशी अशाच होत्या. मग देशी कारागिराचे कौशल्य पाहावयाचे तर कोठे पाहावे? आफोंसो द आल्बुकर्क याने १५१३ च्या सुमारास पोर्तुगालच्या राजाला कळविले होते, की गोव्याचे कारागीर बोहेमियात होणाऱ्या बंदुकांच्या तोडीच्या बंदुका करतात. गोवा घेऊन त्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती, आणि स्पर्धकाची स्तुती करण्यात त्याचा काही स्वार्थ नव्हता. अकबराच्या दरबारची माहिती अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त दिली आहे. तीत नळी करण्याची सुधारलेली रीत येते : लोखंडाची पट्टी तिरकी गुंडाळावयाची, वेढ्यांच्या कडा एकमेकींना नुसत्या भिडवावयाच्या नाहीत तर एकीवर एक चढवावयाच्या, आणि हळूहळू तापवून त्या जोडावयाच्या. त्याच ठिकाणी बैलासारख्या जनावराने फिरविण्याच्या एका चक्राचे वर्णन आहे. त्याने एका वेळी सोळा नळ्या आतून साफ होत. नळीचा अंतर्भाग हे स्वतंत्र, यंत्राने करावयाचे काम आहे ही जाणीव सोळाव्या शतकात येथे होती, याचा याहून स्पष्ट पुरावा हवा कशाला?

या ओघात एका गैरसमजाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. काही देशी नळ्यांची तोंडे फुगीर दिसतात, काहींवर वाघाचे तोंड कोरलेले असते. ही फूग धातूच्या बाहेरील जाडीत असते. तिच्यावरून आतील मापाचा काहीच अंदाज बांधता येत नाही. कराबीनीचे कर्ण्यासारखे तोंड छर्रे पसरविण्यासाठी असते, हाही असाच एक समज. चाचण्यांत त्या रुंद तोंडाचा फैलावावर फारसा परिणाम आढळत नाही. घोड्यावर वा डोलणाऱ्या गलबतावर घाईने बार भरताना दारू बाहेर सांडू नये, हा त्याचा खरा उपयोग. येथेही तोंडाचा आकार ठरतो तो आत जाणाऱ्या वस्तूच्या सोयीने.

आता कोकणातील शेतकऱ्याकडे वळू. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत रानडुकरे व माकडे यांपासून भात, नारळी आणि बागायत राखण्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगण्याची रीत जुनी आहे. या बंदुकीचे काम काय? बहुधा रात्री, शेताच्या बांधावरून, थोड्या अंतरावर बार टाकावयाचा. पुष्कळदा तर नुसत्या आवाजाने कळप पळावा एवढाच हेतू. तिच्यात कधी बारीक छर्रे, कधी मोठे, तर कधी एकच गोळी भरली जाते. चोक हा लांब अंतरावर लहान छर्रे एकवटण्यासाठी असतो. थोड्या अंतरावर तो निरुपयोगी, किंबहुना नेम चुकण्याचे कारण. आणि नळीच्या मापाची गोळी अरुंद तोंडात अडकली तर प्राणघातकही. जी बंदूक सर्व काही मारण्यासाठी ठेवावयाची तिची नळी सरळ असणे हाच शहाणपणा होय.

कुंभाकार चोकाला तर कोकणात आणखी एक शत्रू आहे, आणि तो म्हणजे पाऊस. काळी दारू जळाल्यावर नळीत जे कीट उरते त्यातील क्षार हवेतील ओल शोषून घेतात आणि लोखंडाला गंज चढवितात. गरम पाण्याने नळी धुऊन, चिंधीने पुसून, तेल लावून ठेवणे हा त्यावरचा नेहमीचा इलाज. सरळ नळीत गजाला गुंडाळलेली चिंधी सर्वत्र सारखी घासली जाते. मध्येच पोकळी असेल तर चिंधी तिच्यावरून नुसती सरकते, कीट आत राहते, आणि वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात एक-दोन पावसाळ्यांत त्या जागी नळी खाऊन जाते. ओलीचे हे भय जुनेच आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारू ठरावीक दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावे अशी ताकीद आहे, ती कोणी उगाच लिहिली नव्हती.

वापर, भरणी आणि हवामान ही तीन कारणे झाली. चौथे कारण कायद्याचे, आणि ते सर्वांत कमी लक्षात घेतले जाते. १८५७ चा अठ्ठाविसावा कायदा, १८६० चा एकतिसावा आणि अखेर लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ चा अकरावा कायदा, अशा पायऱ्यांनी शस्त्र बाळगणे व करणे हे परवान्याच्या कक्षेत गेले. या तारखा मुखसंकोचाच्या तारखांशेजारी मांडून पाहाव्यात. १८६६ ते १८७५ या ज्या दशकात युरोप-अमेरिकेत नळीच्या अंतर्भागाविषयी सर्वाधिक प्रयोग झाले, त्याच्या दोन्ही बाजूंना येथे बंदूककाराच्या भात्यावर कुलूप पडत होते. प्रयोग करण्यासाठी नळ्या वाया घालवाव्या लागतात. किंबलनेही घातल्या असतील. ज्या कारागिराला प्रत्येक नळीचा हिशेब द्यावयाचा आहे तो प्रयोग करीत नाही, नमुना उतरवितो. या कायद्याविरुद्ध राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात ठराव केला, तो राष्ट्राच्या स्वाभिमानाच्या अंगाने. त्याची ही तांत्रिक बाजू तेव्हा कोणी मांडली नाही, यात नवल नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा अधिनियम आला. त्याच्या तेराव्या कलमात एक विलक्षण तरतूद आहे. पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी नागरिकाने ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला तर परवाना अधिकाऱ्याने तो द्यावा, असे ते कलम सांगते. आणि पुढे असेही म्हणते, की ठासणीची बंदूक त्या कामास पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला परिस्थितीवरून पटले, तर तो किमान वीस इंच नळीच्या दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देऊ शकतो. म्हणजे युरोपात शंभर वर्षांपूर्वी मागे पडलेले शस्त्र येथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कायद्याच्या शब्दांनी शेतकऱ्याचे शस्त्र म्हणून स्थिर केले गेले. त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे : एका बारानंतर दुसरा भरण्यास वेळ लागतो, म्हणून ते कमी धोक्याचे. परंतु याच अधिनियमाच्या पाचव्या कलमाने शस्त्रे तयार करणे, त्यांत बदल करणे, त्यांची दुरुस्ती वा परीक्षा करणे यांस वेगळा परवाना लागतो, आणि सहाव्या कलमाने नळी आखूड करण्यासही. ठासणीची बंदूक कायद्याने जगविली, आणि ती आहे तशीच राहील याचीही व्यवस्था केली.

आरंभी वागळे इस्टेटचा उल्लेख केला तो यासाठी. कुंभाकार चोकाला लागणारी हत्यारे व हात महाराष्ट्रात नव्हते असे १९६२ नंतर कोणी म्हणू शकणार नाही. पंप आणि इंजिनांचे सिलिंडर एक-दोन थाउच्या मर्यादेत होन करणे हे यांत्रिक कारखान्याचे रोजचे काम. बंदुकीच्या नळीतील दहा-वीस थाउची पोकळी त्या मानाने किरकोळ. त्याच जिल्ह्यात अंबरनाथला संरक्षण खात्याचे कारखानेही होते. पण एका शेतकऱ्याची नळी आणि एका टर्नरचा लेथ यांची गाठ कायद्याने पडू द्यावयाची नव्हती, आणि शेतकऱ्यालाही तिची गरज नव्हती. आता वागळे इस्टेटमधील पुष्कळ कारखान्यांच्या जागी कार्यालयांच्या इमारती उभ्या आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा हेतूही संपविला. राहिली ती राखणीची बंदूक. निवडणुका आल्या की पोलीस ठाण्यात जमा करावी लागणारी, आणि नेमकी तेव्हाच शेतात डुकरे शिरली की मालकाला आठवणारी.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात, कोल्हापूरच्या राजवाड्यात आणि अनेक खासगी घरांत जुनी शस्त्रे आहेत. बंदुकीची नोंद करताना आपण साधारणतः लांबी, दस्त्याचे लाकूड, चांदीसोन्याचे काम आणि लेख असल्यास तो, एवढे टिपतो. नळीच्या आत कोणी पाहत नाही. वस्तुतः नळीचा अंतर्भाग हा दस्तऐवज आहे. तोंडापासून दर इंचावर आतील व्यास घेतला तर त्यातून निरनिराळ्या गोष्टी वाचता येतात. तोंडाशी व्यास एका बाजूला वाढलेला आढळला तर तो बहुधा लोखंडी गजाने वर्षानुवर्षे झिजलेला असतो, आणि ती बंदूक भिंतीवर टांगलेली नसून वापरातली होती असे म्हणता येते. उलट तोंडाशी व्यास सारखा घटलेला असेल, तर नळी मागून भरण्याच्या बंदुकीची असून नंतर ठासणीची केलेली असावी काय, हे तपासले पाहिजे. परवाना मिळण्याच्या सोयीसाठी असे उलटे रूपांतर करण्याचा मोह होणे शक्य आहे. मध्येच सुबक, दोन्ही टोकांस निमुळती पोकळी सापडली तर ते यंत्राचे आणि उत्तरकालीन काम होय, नळीवरचा लेख कितीही जुना असो. आणि बुडाशी व्यास मोठा असेल तर त्याची दोन कारणे संभवतात : कारागिराने तो मुद्दाम तसा ठेवला असेल, किंवा क्षारांनी तो खाल्ला असेल. पहिल्यात पृष्ठभाग गुळगुळीत असतो, दुसऱ्यात खड्डे. बोटाएवढ्या दिव्याने आणि नळीत जाईल अशा साध्या मापयंत्राने हे काम होते. मात्र त्याआधी तोंडातून गज सोडून तो बुडापर्यंत पोहोचतो की नाही ते पाहावे, आणि तीच लांबी बाहेरून मोजून ताडावी. जुन्या ठासणीच्या बंदुकीत शंभर वर्षांपूर्वीचा बार तसाच भरलेला सापडणे ही काही दुर्मिळ गोष्ट नाही.